विहिरीत सोडलेली जीन

१९३४ साल होतं आणि मला तिसावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्यावर आळ आला की मी मालकाच्या जीनमध्ये, त्याच्या विलायती दारूत, विहिरीचं पाणी घालतो. मी भंडाऱ्याच्या पोटचा, चौलचा. माडावर चढून माडी उतरवणं हा आमचा पिढीजात धंदा. आमच्यात एक वेळ माणूस माडावरून पडला तर लोक हळहळतात आणि विसरतात, पण माडीत पाणी घालणाऱ्याच्या पोराला बायको मिळत नाही. तेव्हा हा आळ केवढा, ते समजून घ्या.

माझी शाळा दुसरीपर्यंत. मास्तरनं उगाच मारलं म्हणून मी उठून आलो आणि परत गेलो नाही. मास्तर घरी बोलवायला आला, तरी गेलो नाही. लिहिण्यात काही वाकडंतिकडं असेल तर ते माझं. गोष्ट मात्र सरळ आहे.

आळ घेणारा आबकारी खात्यातून पेन्शनीत निघालेला इन्स्पेक्टर होता. नाव मी लिहीत नाही. गावातही त्याला कुणी नावानं ओळखत नसे. समोर साहेब आणि पाठीमागे म्हातारा. उंच, सडसडीत, कानांवर पांढरे केस. नाक असं की माणूस यायच्या आधी ते खोलीत यायचं. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं.

पेन्शन मिळाली की माणूस आपल्या गावी जातो. हा आला चौलला. ज्या गावातल्या निम्म्या भंडाऱ्यांना त्यानं एकदा तरी धरलेलं, त्याच गावात. आम्ही ज्या वाडीत राबत होतो ती वाडी त्यानं विकत घेतली, मधला बंगला राहायला घेतला आणि आम्हाला म्हणाला, "तुम्ही राहा. मी बघेन." काय बघणार ते सांगितलं नाही. वाडीतले माड, पोफळी आमच्या बाच्या हातचे, आमचं खोपटंही तिथंच, पण जमीन कधीच आमची नव्हती.

गावात सगळ्यांना वाटायचं की ह्याला सरकारनं मुद्दाम बसवलाय. पेन्शन नुसती नावाला, अजून वर कळवतो. माडी उतरवणारी माणसं आमच्या वाडीच्या कुंपणाशी आली की आवाज खाली घ्यायची. मलाही तसंच वाटायचं. बा तेवढा म्हणायचा, "सरकार-बिरकार काय न्हाय रे. त्याच्या जिभंला आपल्या माडीची सवय झालीय. दुसरीकडं त्याला करमायचं न्हाय."

ह्या जिभेची गोष्ट बा आयुष्यभर सांगत आला. तेव्हा सरकारी नंबर घातलेल्या माडांचीच माडी काढायची असा कायदा होता. नंबराला कर. बानं खाडीच्या कडेचा एक माड नंबराशिवाय चालवला होता आणि त्याची माडी बाकीच्या माडीत मिसळून दुकानावर घालत होता. एक दिवस इन्स्पेक्टर दुकानावर आला, खिशातून स्वतःचा पेला काढला, एक घोट तोंडात धरून उभा राहिला. मग थुंकला आणि म्हणाला, "ह्यात खाऱ्या जमिनीतला माड आहे. खाऱ्या जमिनीत ह्या दुकानाचा एकही नंबर नाही." तिथून निघाला तो थेट खाडीवर, त्या माडाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला. वरती बा होता.

"उतर," म्हणाला, "सावकाश. घाईत पडशील आणि माझ्यावर येईल."

बाला दंड झाला. बाला त्याचा राग कधीच आला नाही, उलट मोठेपणाच वाटायचा. "मला धराया सरकारला तसली जीभ पाठवावी लागली," म्हणायचा.

म्हातारा कुणावरही विश्वास ठेवत नसे. मी पुष्कळ संशयी माणसं बघितलीत, पण हा गडी त्यात निष्णात होता. वाडीतून चालताना भर उन्हात नाही, पण माडांच्या सावलीतून जाताना छत्री उघडायचा. पहिल्यांदा मला कळेना. मग एकदा माझा बा माडावर होता तेव्हा म्हातारा लांबून वळसा घालून गेला. मी विचारलं, "साहेब, वाट तर इथनं हाय." तर म्हणाला, "तुझा बाप वर, नारळ त्याच्या हातात, आणि मी खालून जाऊ?"

बा वरून ऐकत होता. "साहेब," ओरडला, "तुमच्यावर टाकायला नारळ काय फुकट येतो?"

म्हातारा हसला. पण छत्री काही मिटली नाही.

कुणाच्या घरचं पाणी पीत नसे. जाईल तिथे रुमालात गुंडाळलेला आपला पेला आणि पाण्याची बाटली. स्वयंपाक स्वतः करायचा. घरातल्या प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी, पट्टीवर पेन्सिलीची रेघ, आणि रेघेच्या वर खाली काही झालं की दिवसभर घरात ती चौकशी. लोणचं मुरलं की खाली बसतं, हे त्याला कोण सांगणार. तुपाच्या डब्याला लाखेची मोहोर. एकदा त्याची मांजर तुपाच्या डब्याशी बसलेली दिसली तर तिच्या मिशांचा वास घेतला. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. त्याची जीभ खरीच तशी होती. बोर्ली पंचतनपासून माणसं तुपाचे डबे घेऊन त्याच्या ओट्यावर यायची. काशीदकडची मधाच्या बाटल्या आणायची. व्यापाऱ्यात आणि गिऱ्हाइकात तंटा झाला की दोघंही म्हणायची, चल इन्स्पेक्टरकडे. तो बोटावर थेंब घेऊन जिभेला लावायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा, ह्यात गूळ आहे, ह्यात काही नाही. कुणी काही समजावून सांगायला लागलं की हात वर करायचा. "मला सांगू नकोस. मला चाखू दे. माणूस बोलतो ते त्याच्या सोयीचं असतं." त्याच्या निकालावर पुन्हा कुणी बोलत नसे. ही त्याची इज्जत. पगार गेला, हुद्दा गेला, पण ही होती.

आणि उन्हाळ्यात त्याची ती जीन.

फाल्गुन सरला की मुंबईहून आगबोटीनं रेवदंड्याला त्याची पेटी यायची. पेंढ्यात गुंडाळलेल्या जीनच्या बाटल्या. बर्फही मागवायचा, भुशात घालून. धक्क्यावर उतरेपर्यंत त्याचं निम्मं पाणी झालेलं असायचं आणि म्हातारा म्हणायचा, "खलाशी चोखतात." बर्फ वितळतो हे त्याला पटलं नाही. शेवटी बर्फ बंद केला आणि बाटली विहिरीत सोडायला लागला.

सकाळी सूर्य वर यायच्या आत तो बाटली घेऊन विहिरीवर यायचा. बुचावर लाख, लाखेवर त्याच्या अंगठीचा ठसा. बाटली जाळीच्या पिशवीत, पिशवी दोरीला, दोरी रहाटाच्या पलीकडच्या खांबाला. पाण्यात बुडेपर्यंत सोडायची. मी इकडच्या अंगाला बैल जुंपून रहाट फिरवत असायचो, दिवसभर. तेव्हा त्या दोरीच्या जवळ राहणारा माणूस चौलात एकच होता, तो मी. हे लक्षात ठेवा.

काकड्या माझ्या. पाटाच्या कडेनं मी वेल लावायचो, पोफळींना जाणाऱ्या पाण्यावर ते पोसायचे. दुपार कलली, पोफळींची सावली ओट्याला लागली की म्हातारा बाहेर यायचा. धुतलेला सदरा, केस विंचरलेले. ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचा, म्हणजे मागून कुणी येणार नाही. समोर सगळं मांडलेलं असायचं. पितळी खलबत्ता, सुरी, मलमलीचा तुकडा, आमच्याच झाडाचं कागदी लिंबू, पुदिना, खडीसाखरेचा पाक, मीठ, आणि गोटीवाली सोड्याची बाटली. मी तुळशीच्या पलीकडे जायचं नाही, असा नियम. तिथून उभं राहून बघायचं.

आधी काकडीचं कडू काढायचं. देठाकडचा तुकडा कापायचा आणि त्यानंच कापलेल्या जागी गोल गोल घासायचं. पांढरा फेस येतो, तो पुसून तुकडा फेकून द्यायचा. आमच्याकडे पोरीबाळींनाही हे येतं. पण म्हातारा आधी एक चकती तोंडात टाकायचा. गोड लागली तर घासायचा नाही, कारण उगाच घासलं तर काकडीचा वास जातो असं त्याचं म्हणणं. कडू लागली तर घासायचा, परत चाखायचा, परत घासायचा. मग साल न काढता तुकडे खलबत्त्यात, चिमूटभर मीठ, पुदिन्याची चार पानं, आणि हलक्या हातानं ठेचायचं. पाणी सुटलं की मलमलीतून पिळून घ्यायचं. पोपटी रस. त्यात लिंबू, पाक, मग चांदीच्या लहान मापानं जीन, आणि वरून सोडा. फसफसून वर आलं की सालीची एक लांब हिरवी पट्टी पेल्यात सोडायचा. मग पहिला घोट आणि डोळे मिटलेले.

तेवढा एक क्षण तो कुणावर संशय घ्यायचं विसरायचा. मी तुळशीजवळून बघितलंय.

शनिवारी रेवदंड्याच्या दवाखान्याचे डॉक्टर यायचे. जाड, घामेजलेला, चांगला माणूस. त्यांना एक पेला मिळायचा. दुसऱ्या कुणाला नाही. मला एकदाच दिली, पहिल्या वर्षी, चमच्यानं. "सांग," म्हणाला. मी सांगितलं, आधी काहीच कळत नाही, मग काकडीचा गारवा येतो, आणि तो जातोय तोवर मागून सुई टोचते. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "आणखी?"

"आनखी काय. आमची सकाळची माडी ह्याच्याहून बरी."

डॉक्टरांना ठसका लागला. म्हातारा म्हणाला, "खोटं बोलत नाही, म्हणून ठेवलाय." हे त्याच्या तोंडून मी ऐकलेलं एकुलतं एक कौतुक.

आता त्या सालाचं सांगतो. बा तोवर राहिला नव्हता. थंडीत म्हाताऱ्याला ताप आला होता, बरेच दिवस निघाला नाही. डॉक्टर येऊन जाऊन होते. बरा झाला तो वाळलेला. आणि त्यानंतर त्याचा संशय फारच वाढला. दूधवाली पाणी घालते. मिठात माती आहे. चहाची पूड उकळून वाळवलेली आहे. आमचीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच्या घरी आंब्याची कोशिंबीर नेऊन दिली तर म्हणाला, "ह्यात गवत घातलंयस?" ती रडकुंडीला आली. "सगळा मुलूख पाणी घालायला लागलाय," असं तो ओट्यावर बसून स्वतःशीच म्हणायचा.

मग वैशाखात, त्या साली उशिरानं, जीनची पेटी आली. पहिल्याच दुपारी त्यानं विहिरीतून बाटली ओढली, सगळं केलं, घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"इकडे ये."

मी तुळशीशी थांबलो.

"पाणी किती घातलंस?"

"कशात?"

"कशात विचारतो. जीनमध्ये."

मी म्हटलं, "साहेब, मोहोर बघा की तुमची."

त्यानं मोहोर बघितली होती. ती धड होती. "मोहोर मोडलेली नाही," म्हणाला, "म्हणजे चोर हुशार आहे."

त्याच्याकडे खात्यातली एक काचेची कांडी होती. दारूत सोडली की तरंगते आणि दारू कडक की पातळ ते दाखवते. ती आणून त्यानं जीनमध्ये सोडली. कांडी जिथं थांबायला पाहिजे तिथंच थांबली. मला वाटलं सुटलो. म्हातारा कांडीकडे बघत राहिला, मग उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "ही कुणीतरी बदललीय."

अशा माणसापुढे तुम्ही काय करणार? देव साक्षीला आणला असता तर देवाला कुणी बदललं ते त्यानं विचारलं असतं.

मग पेटीतली दुसरी, न उघडलेली बाटली फोडली. तीही त्याला पातळ लागली. तरी त्याचं तेच. म्हणाला, पेटी रात्रभर ओट्यावर होती, तुझं खोपटं पंचवीस पावलांवर. आणि मग मला सांगितलं, "येत्या शनिवारपर्यंत कबूल कर. कबूल केलंस तर राहा. मला फक्त कळायला पाहिजे. नाही केलंस तर वाडी सोड. खोटं बोलणारा मी आवारात ठेवत नाही."

"न केलेलं कबूल कसं करू?"

"मग सोड."

वर त्यानं ते रेवदंड्याच्या बाजारात सांगितलं. नारळाच्या वखारीवर मी गेलो तर शेठ गादीवरून म्हणाला, "काय भाऊ, विहिरीला जीन लागली की जीनला विहीर?" बसलेली सगळी हसली. तिथं माझ्याच भावकीतला एक होता, तो हसला नाही. त्यानं मान फिरवली, ते जास्त लागलं.

घरी आमची रोज मागे लागायची. "अवो, म्हना की घातलं. त्याला तेवढंच ऐकायचंय. आपली काय अब्रू जाती?"

"जाती."

"आनि वाडी जाती त्ये? बाचं हातचं माड सोडून कुठं जायाचं? तुमच्या अब्रूत पोरं निजवू?"

"मी पानी घातलेलं न्हाय."

"मला ठावं हाय तुमी घातलेलं न्हाय," ती म्हणाली. "म्हनून तर म्हनते. केलं असतं तर तुमी कबूल केलंच असतं."

तिच्याशी वादात कुणी जिंकलेलं नाही. पण मी हटलो नाही. मला दुसराच संशय येत होता, की म्हाताऱ्याला वाडी मोकळी करून हवी आहे, दुसऱ्या कुणाला द्यायची आहे, आणि जीन हे नुसतं निमित्त. मी रहाट फिरवत त्याच्याकडे बघायचो आणि तो ओट्यावरून माझ्याकडे. बैलांना तेवढं कुणाचं काही वाटत नव्हतं.

शनिवार आला. वैशाख सरत आलेला, वारा पडलेला. म्हाताऱ्यानं कोट घातला होता, त्या उकाड्यात, कचेरीत बसल्यासारखा. डॉक्टर समोरच्या खुर्चीवर. मला म्हणाला, "वर ये." म्हणजे तुळशीच्या पलीकडे, ओट्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"डॉक्टर साक्षीला आहेत," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर करतो, त्यांच्यासमोर पितो. त्यांनी सांगावं पाणी आहे की नाही. मग तू बोल."

मी म्हटलं, "करा."

त्यानं काकडी घेतली. आमच्याच वेलाची, सकाळी आमचीनं ठेवलेली. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, खारं लागायला लागलं होतं, वेल करपले होते. त्यानं चकती कापली, तोंडात टाकली, चावली. "गोड आहे," म्हणाला, आणि देठ न घासताच तुकडे खलबत्त्यात टाकले. मीठ, पुदिना, ठेचणं, पिळणं, सगळं नेहमीसारखं. दोन पेले भरले. एक डॉक्टरांना दिला.

डॉक्टरांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गिळू की थुंकू असं झालं त्यांना. कसाबसा गिळला आणि रुमाल तोंडाला लावला.

म्हाताऱ्यानं आपला पेला उभ्या उभ्या रिकामा केला. "बघितलंत?" म्हणाला. "पाणी. नुसतं पाणी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटात राहिलेली चकती उचलून तोंडात टाकली. कडू जहर. घशापर्यंत गेलं.

"काय बघताय एकमेकांकडे?" म्हातारा म्हणाला. "ठरवून आलात?"

मी म्हटलं, "साहेब, काकडी कडू हाय."

"नाही."

"कडू हाय."

तो डॉक्टरांकडे वळला. डॉक्टर रुमालाची घडी घालत होते. खाली बघून म्हणाले, "कडू आहे, इन्स्पेक्टर. तोंडात धरवत नाही."

म्हातारा ताटाकडे वळला. त्यानं आणखी एक चकती घेतली, सावकाश चावली. मग लिंबाची फोड चोखली. पुदिन्याचं पान बोटांत चुरगळून नाकाशी धरलं. मग मिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "हे मीठच आहे ना?"

"मीठच हाय, साहेब."

"असं."

डॉक्टर म्हणाले, "तापानंतर होतं कधी कधी. वास जातो, मग चव जाते. थोडे दिवस..."

"परत येते?"

डॉक्टर खरं बोलणारा माणूस होता. म्हणाले, "सांगता येत नाही."

"तुम्ही या आता," म्हातारा म्हणाला. मग मला, "तूही जा."

मी खोपटात येऊन बसलो. जिंकलो होतो, पण जेवण गेलं नाही. आमचीला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हंजे माज्या कोशिंबिरीत गवत न्हवतंच."

दिवेलागणीला तो आला. छत्री नव्हती. आमच्या दारात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. आमची धावत पाट शोधायला गेली, तोवर तो उंबऱ्यावरच बसला. पाणी मागितलं. आमच्या माठातलं, आमच्या तांब्यातलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तो ते घटाघटा प्याला.

"उद्या बाजारात जातो," म्हणाला. "तुझ्यावर मी तिथं आळ घेतला, तिथंच काढतो."

मी म्हटलं, "बरं."

"विचारतील, मग जीन पातळ का लागली."

"इचारतीलच."

"सांगेन, जीभ गेली म्हणून." त्यानं तांब्या खाली ठेवला. "मग ज्यांना ज्यांना मी जिभेवर धरलं ते सगळे येतील. म्हणतील, ह्याची जीभ तेव्हाही गेलेलीच होती. तुपाचे निकाल, मधाचे निकाल, सगळे उलटे फिरवतील. फिरवू देत."

आमची दाराआडून म्हणाली, "मग नका ना सांगू, सायेब."

"आणि हा?" त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हा खोटा राहतो."

मी त्याला एकच विचारलं. "माझ्या बाला धरलंत तवा जीभ होती?"

"होती."

"मग झालं."

तो उठला. माफीचा शब्द तोंडातून निघाला नाही, आणि निघाला असता तर मलाच अवघड झालं असतं. अंगणात जाऊन थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "वाडी तुझ्याकडेच राहील." मग गेला.

एक गोष्ट मला अजून छळते. हा माणूस आयुष्यभर लोकांच्या तोंडून खरं काढण्यात मुरलेला. कुणाला काय सांगितलं की तो काय करेल, हे त्याला नेमकं ठाऊक असायचं. तो त्या संध्याकाळी मनापासून आला होता, की माझा हट्टी स्वभाव ओळखून आला होता? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याच्या उत्तरावर मी विश्वास ठेवला नसता. त्याच्याजवळ राहून राहून मलाही ते लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायला मी गाडी जुंपली, नारळ भरले आणि रेवदंड्याला गेलो. आमचीनं विचारलं, आज बाजाराचा दिवस नाही, तर कुठं. मी बैल हाकले. वखार नुकतीच उघडली होती. शेठ गादीवर बसत होता, चार माणसं चहा पीत होती, भावकीतला तो पण होता.

"आला आमचा जीनवाला," शेठ म्हणाला.

मी गाडीवरून उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "पानी गेलं ते माझ्या हातून. बाटली सोडताना खांबावर आपटली, बूच सैल झालं. विहिरीचं पानी आत गेलं. चोरी न्हाय, हेळसांड झाली."

"आणि मोहोर?"

"लाख गारव्यानं तडकती. तिला काय समजतं."

"मग इतके दिवस न्हाय न्हाय का करत होतास?"

"तोंड वर करून सांगायची लाज वाटली."

चहाचे पेले खाली आले. मग शेठ मान हलवत म्हणाला, "म्हंजे जीभ खरी म्हाताऱ्याची."

"खरी," मी म्हटलं.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला छत्री दिसली. म्हातारा येत होता, कोट घातलेला, भराभर, बोलायची तयारी करून आलेला माणूस चालतो तसा. वखारीपुढे येऊन त्यानं तोंड उघडलं, पण शेठचा आवाज मोठा. "साहेब, कबूल झाला बघा तुमचा माणूस! बूच सैल होतं म्हणतो. तुमची जीभ ती जीभ."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं शेठकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं तसं काही त्याच्या तोंडावर नव्हतं. ह्यात ह्याचा काय डाव असेल, असं तो माझ्याकडे बघत होता, बा वर असलेल्या माडाकडे बघायचा तसं. मी पाठ फिरवली आणि गाडीतले नारळ खाली उतरवायला लागलो.